मिस्टर वकील आहेत, विधानसभेला अपक्ष उभं राहायचं डोक्यात घेतलंय. कोणी हे जवळून बघितलंय का?

नौपाडावाली | १८ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचणारी, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मिस्टर ठाणे कोर्टात वकिली करतात, एकवीस वर्षं झाली. सगळं सिव्हिल, त्यातही जास्त करून सोसायट्यांचं काम, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, रीडेव्हलपमेंटची ॲग्रीमेंटं, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या वसुल्या, उपनिबंधकांकडच्या तारखा. नाव चांगलं आहे. पैसा सोसायटीवाले देतात तसाच येतो, आधी कमिटीत चर्चा, मग जनरल बॉडीत मंजुरी, मग खजिनदार गावाला गेलेला.

तर मंगळवारी आचारसंहिता लागली आणि त्याच रात्री जेवताना ह्यांनी जाहीर केलं की मी अपक्ष उभा राहतोय. मला वाटलं गंमत करतायत. तर खिशातून कागदच काढला. सत्तर सोसायट्या, सरासरी चाळीस फ्लॅट, घरटी तीन मतं, झाले आठ हजार चारशे, "हे आपले पक्के". खाली "कोर्टातले सहकारी" आणि त्याच्या खाली "पक्षांना कंटाळलेले", ह्या शेवटच्या ओळीपुढचा आकडा रिकामा. म्हणाले तो अमर्याद आहे. मुलगी वरणात चमचा ढवळत माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे.

आता राग खरा आहे हे मला कळतं. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, कोणाला दिलेलं मत कुठे जाऊन पडलं ते आपल्यालाच माहीत नाही. आणि ह्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे की आमदाराचं काम कायदे करणं, गटारं बांधणं नाही, आणि सभागृहात कायदा वाचता येणारी माणसं हवीत. मला पटतं पण ते. पण पटणं वेगळं आणि घरातले आठ लाख काढणं वेगळं, हो ना? आठ लाखांत होईल म्हणतायत. ते मुलीच्या ॲडमिशनसाठी बाजूला ठेवलेत.

मतदारसंघ सांगत नाही, ठाणे शहरातलाच समजा. माझे प्रश्न असे की आठ लाखांत खरंच होतं का, वकिलाला ह्यात काही वेगळे नियम लागतात का, प्रॅक्टिसचं काय होतं, आणि ह्यांना थांबवू की नको. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल, पण द्या.


कोर्टनाका_नोटीस | १८ ऑक्टोबर २०२४

ताई, मी पण ह्याच धंद्यातला आणि दोन अपक्षांचे फॉर्म भरून दिलेत, त्यामुळे कागदापुरतं बोलतो. वकील उमेदवाराचं एक असतं, दुसऱ्याचा कागद भिंगाखाली बघतो आणि स्वतःचा घाईत भरतो, "मला माहितीये रे" म्हणून.

अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, दुपारी तीनपर्यंत. तीन म्हणजे तीन. छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरपर्यंत, मतदान २०, निकाल २३. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातल्या यादीतले. इथेच अर्धे आपटतात, कारण जो मित्र हौसेने सही करतो त्याचं नाव निघतं डोंबिवलीच्या यादीत. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ऑनलाइन बघूनच सही घ्या. मिस्टरांचं स्वतःचं नाव राज्यात कुठल्याही मतदारसंघात असलं तरी चालतं, फक्त दुसरीकडचं असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडायची. डिपॉझिट दहा हजार (एससी एसटी असाल तर पाच), ते रोख किंवा ट्रेझरीत भरायचं, चेक घेऊन गेलात तर परत पाठवतील. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश पडली नाहीत की जप्त. समजा दोन लाख वैध मतं, तर तेहेतीस हजारांच्या वर पाहिजेत. तुमचे आठ हजार चारशे सगळेच्या सगळे आले तरी डिपॉझिट जातंच, हे हिशोबाच्या कागदावर लिहून ठेवा.

शपथ! अर्ज दिला की निवडणूक अधिकाऱ्यापुढे शपथ घ्यायची असते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेता येते. छाननीच्या दिवशी "आत्ता घेतो" चालत नाही. अपक्षांचे अर्ज ह्याच्यावरून उडतात, शेजारी कोणी सांगणारा नसतो ना.

मग फॉर्म २६, म्हणजे प्रतिज्ञापत्र. एकही रकाना रिकामा नको, लागू नसेल तिथे "निरंक" लिहायचं, कारण रिकाम्या जागा ठेवलेलं प्रतिज्ञापत्र फेटाळता येतं असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. त्यात पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, ह्यांचं आणि तुमचं, सोनं, कर्ज, पॉलिसी, सगळं येतं. आणि ते आयोगाच्या साइटवर चढतं, कोणीही बघतं. अशील पण बघतात. माझ्या एका ओळखीतल्याला पक्षकार म्हणाला, साहेब तुमचं वर्षाचं उत्पन्न एवढंसंच आणि माझ्याकडून एका केसचे इतके घेता होय?

वकिलापुरतं वेगळं असं विचारलंत. निवडून आले तरी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बाजूला ठेवायची गरज पडत नाही. आमदार-खासदारांना वकिली बंद करा अशी याचिका झाली होती, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१८ मध्ये नाही म्हणून सांगितलं, कारण आमदार हा कुणाचा पूर्णवेळ पगारी नोकर नसतो. पण मिस्टर कुठल्या पॅनलवर, म्हणजे कुणाच्या ठरलेल्या वकिलांच्या यादीत, आहेत का ते आधी सांगा. सरकारी वकील, रेल्वे, महापालिका, काहीही. लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून पैसे मिळणारं पद, निघालं तर अर्जच बाद.

आणि बॅनरवर "मोफत कायदेशीर सल्ला, संपर्क अमुक" असलं काही छापू देऊ नका हो. बार कौन्सिलचा नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो तो एकीकडे, आणि मतांसाठी काहीतरी फुकट दिलं असं दुसरीकडे. समोरच्याला आयतं कोलीत.


नोटा_काका | १८ ऑक्टोबर २०२४

थांबवा. दिवाळीचा फराळ करा, आठ लाखांची एफडी करा.

(मी दर वेळी नोटा दाबतो, त्यामुळे माझं मत मोजू नका.)


घणसोलीकर | १९ ऑक्टोबर २०२४

ताई, खाडीच्या ह्या बाजूचा अनुभव सांगतो, तुमच्या कामाचा आहे की नाही बघा. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वकील साहेब उभे राहिलेले, नाव नाही घेत, मी तेव्हा कॉलेजात होतो आणि त्यांच्या बरोबर पूर्ण प्रचार फिरलो, गावठाणं, सेक्टर, नाक्यावरचे रिक्षा स्टँड, सगळं. साहेबांचं काम म्हणजे सिडकोच्या जमिनीचं, वाढीव मोबदल्याचे दावे आणि साडेबारा टक्क्याचे प्लॉट (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात गाववाल्यांना परत मिळणारे). गावागावात ओळख. आम्हाला पण तुमच्या मिस्टरांसारखंच वाटायचं की प्रत्येक केस म्हणजे एक घर पक्कं.

पहिल्याच आठवड्यात कळलं काय ते. साडेबारा टक्क्याचा प्लॉट म्हणजे भाऊबंदकी. एका प्लॉटवर चार भाऊ, दोन बहिणी, एक चुलता. साहेबांनी त्यातल्या एका भावाचं वकीलपत्र घेतलं आणि जिंकून दिलं, म्हणजे एक घर आपलं झालं आणि बाकीची पाच घरं समोर गेली, ती पण त्याच आळीत, त्याच बूथवर. आम्ही प्रचाराला गेलो की एका दारात औक्षण आणि लगेच पुढच्या दारात कडी. जितक्या जास्त केसेस जिंकल्या तितकी जास्त दारं बंद. डॉक्टरचं तसं नसतं बघा, डॉक्टरने एकाला बरं केलं म्हणून शेजारचा आजारी पडत नाही.

तुमच्या सोसायट्यांचं पण तेच. मेंटेनन्स थकवणाऱ्यांवर केसेस केल्यात म्हणता, ते थकवणारे पण मतदारच आहेत आणि त्यांच्या चांगलं लक्षात असतं. कमिटीला मिस्टर आवडतात, बरोबर, पण कमिटी म्हणजे सात-नऊ जणं, त्यातला चेअरमन बहुतेक वेळा कुठल्यातरी पक्षाचाच असतो, नाहीतर त्याला गणपतीच्या वर्गणीला नगरसेवक लागतो. माजी नगरसेवक म्हणायला पाहिजे खरं तर, आमच्या नवी मुंबईत मे २०२० पासून प्रशासक आहे, तुमच्याकडे मार्च २०२२ पासून. म्हणून आधी नगरसेवक होऊन बघा असा सल्ला पण देता येत नाही.

अजून एक. त्या सत्तर सोसायट्या एकाच मतदारसंघात आहेत का? ठाणे शहर म्हणजे ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, ओवळा-माजिवडा आणि खाडीपलीकडचा मुंब्रा-कळवा असं वाटलं गेलंय. घोडबंदर रोडची सोसायटी आणि नौपाड्याची सोसायटी एका ईव्हीएमवर येत नाहीत. हे त्यांनी धरलंय का विचारा.

आता तुम्ही म्हणाल वकील माणूस निवडूनच येत नाही का. येतो की. आमचे दिबा, दि. बा. पाटील साहेब, वकीलच होते. पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. पण लोकांनी त्यांना वकील म्हणून मतं दिली असं कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, हसेल. जमिनीसाठी ते लोकांबरोबर रस्त्यावर होते, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात आमची पाच माणसं गोळीबारात गेली, साडेबारा टक्के त्या लढ्यातनं आले. ते सगळ्या गावाच्या बाजूने उभे होते, एका भावाच्या बाजूने नाही. आमच्या वकील साहेबांनी त्याच साडेबारा टक्क्याच्या वाटणीच्या केसेस लढल्या. फरक कळतोय ना मला काय म्हणायचंय.

डिपॉझिट गेलं साहेबांचं. प्रॅक्टिस मात्र चालू राहिली, उलट ज्यांनी दार लावलं होतं त्यातले दोघं नंतर केस घेऊन आले. वकील चांगला, उमेदवार नको, असं असतं लोकांचं.


समोरची_पार्टी | १९ ऑक्टोबर २०२४

घणसोलीकरांना +१. मी नेमकी "समोरची" आहे म्हणून लिहिते. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या रीडेव्हलपमेंटला आम्ही तीन घरांनी विरोध केला होता, सोसायटीचे वकील अतिशय हुशार, बोलायला गोड, आम्हाला त्यांनी नियमात बसवून हरवलं. चुकीचं केलं असं म्हणत नाही मी, आता नवीन घरात राहतेय त्याच बिल्डिंगमध्ये, लिफ्ट आहे, सासूबाई खूश आहेत. पण तो माणूस उद्या मत मागायला आला तर माझा हात त्या बटणावर जाणार नाही. का ते मला सांगता येणार नाही. नोटिशीतलं "हेकेखोर अल्पसंख्य सभासद" हे शब्द अजून पाठ आहेत, एवढंच.

तुमचे मिस्टर नोटिशीत काय भाषा वापरतात ते बघून ठेवा ताई.


नौपाडावाली | १९ ऑक्टोबर २०२४

बापरे एवढे प्रतिसाद. सगळ्यांना एकदम उत्तर देते.

घणसोलीकर दादा, सोसायट्यांचं विचारलं. चेहरा पडला. मग डायरी काढून बसले, सत्तरातल्या एकतीस ओवळा-माजिवड्यात निघाल्या, पाच तर मुलुंडच्या. उरल्या चौतीस. कागदावर नवीन आकडा चार हजार ऐंशी. पण थांबायचं नाव नाही, म्हणतात "गुणवत्ता वाढली".

समोरची_पार्टी ताई, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "हेकेखोर" शब्दावर ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे वापरतात.

कोर्टनाका दादा, पॅनलवर आहेत! महापालिकेच्या. वर्षाला फार पैसे नाही मिळत पण आहेत. आता? आणि माझं सोनं पण लिहायचं? आईने दिलेलं पण? माझ्या जावेला आजपर्यंत माहीत नाहीये माझ्याकडे किती आहे ते.


कोर्टनाका_नोटीस | १९ ऑक्टोबर २०२४

सोनं लिहायचं ताई, वजन आणि किंमत दोन्ही. जावेला लिंक पाठवू नका एवढंच हातात आहे.

पॅनलचं म्हणाल तर निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. १९६८ मध्ये रेल्वेच्या पॅनलवरच्या वकिलाला सुप्रीम कोर्टाने लाभाचं पद धरून अपात्र मानलं, आणि लगेच पुढच्या वर्षी राजस्थानातल्या कांता कथुरिया, त्या पण वकील, त्यांना एका प्रकरणात विशेष सरकारी वकील नेमलं होतं, तिथे बहुमताने म्हणाले की हे पदच नाही. महापालिका म्हणजे सरकार नाही असाही एक मुद्दा आहे आणि तो चांगला आहे. पण चांगला मुद्दा छाननीच्या टेबलावर मांडत बसायचं कशाला, तिथे समोरच्याचा वकील पण बसलेला असतो. पात्रता छाननीच्या तारखेला बघतात, त्याच्या आत राजीनामा देऊन, स्वीकारल्याचा कागद हातात घेऊन जा. नुसता राजीनामा आवक विभागात टाकून येऊ नका, स्वीकारल्याचं पत्र पाहिजे.


सीए_वाशी | २० ऑक्टोबर २०२४

आठ लाखांत होतं का, ह्याच्यावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे, जानेवारी २०२२ मध्ये अठ्ठावीसवरून वाढवली. अपक्षाला मर्यादेची भीती नसते, त्याला भीती असते ती हिशोबाची. अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत तरी वेगळं बँक खातं उघडायचं आणि सगळा खर्च त्यातनंच. एका माणसाला किंवा दुकानदाराला पूर्ण निवडणुकीत रोखीने दहा हजारांच्या वर देता येत नाही. रजिस्टर देतात त्यात पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात तीनदा तपासायला न्यावं लागतं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षा, सगळ्याचे दर जिल्ह्याने ठरवलेले असतात, तुम्ही मेव्हण्याचा टेम्पो फुकट आणलात तरी त्याचं दरपत्रकाप्रमाणे भाडं लावून लिहायचं. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव आणि किती प्रती ते हवंच. निकालानंतर तीस दिवसांत फायनल हिशोब, नाही दिला तर तीन वर्षं अपात्र. जिंकलेले देतात, हरलेले अपक्ष वैतागून सोडून देतात आणि मग फसतात.

आता खरा खर्च कुठे होतो तर माणसांवर. शहरी मतदारसंघात तीनशेच्या वर बूथ. प्रत्येकावर एक पोलिंग एजंट बसवायचा म्हटलं तर तीनशे माणसं, सकाळी साडेपाचपासून संध्याकाळपर्यंत, नाश्ता-जेवण. पक्षाकडे ती असतात. अपक्षाचे अर्ध्याहून जास्त बूथ रिकामे असतात. आठ लाखांत पत्रकं, दोन रिक्षा, थोडे बॅनर, एक छोटं ऑफिस होईल. त्याच्यापुढे नाही.

आणि वेळ बघा. चिन्ह मिळणार ४ नोव्हेंबरला, माघारीनंतर, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. प्रचार बंद १८ ला संध्याकाळी. जुन्या पक्षांचं चिन्ह लोकांना चाळीस वर्षं माहितीये, तुम्हाला चौदा दिवस. ईव्हीएमवर पण आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग तळाला अपक्ष. "ॲड." लावता येतं नावापुढे पण क्रम लावताना ते धरत नाहीत, आडून आडून वर सरकता येणार नाही.

अवांतर: आचारसंहितेच्या काळात तलावपाळीच्या दिवाळी पहाटेला उमेदवार कसे वागतात ते बघायला मी दर वेळी वाशीहून येतो. ह्या वर्षी तर मजा आहे.


जुना_ठाणेकर | २० ऑक्टोबर २०२४

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू. वय ६८, चार निवडणुका बूथवर बसलोय, पक्ष आता विचारू नका, होता तो राहिला नाही.

उभं राहू दे त्याला सूनबाई. पडणार आहे हे त्याला पण माहितीये, वकील आहे तो, कुठली केस टिकणार नाही हे वकिलाला फाइल उघडताच कळतं तरी तो उभा राहतोच ना कोर्टात? उज्ज्वल निकमांचं बघा, एवढं नाव, पक्षाचं तिकीट, सगळी यंत्रणा, तरी ह्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर मध्यमधून १६,५१४ मतांनी पडले. तेव्हा पडण्यात लाज काही नाही. लाज कशात आहे सांगतो, ४ तारखेला दुपारी दोन वाजता कोणीतरी "समजूत काढायला" येतो आणि माणूस माघार घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीत दिसतो. अपक्षांचा हा धंदा झालाय. तुमच्या दारात पण येतील, फराळाच्या निमित्ताने. अर्ज भरला तर शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर भरू नका.

आणि ते "आमदाराचं काम कायदे करणं" हे बरोबर असलं तरी प्रचारात बोलायचं नाही. किसन नगरमध्ये जाऊन क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्र पुनर्विकास) कधी होणार विचारणाऱ्या माणसाला कायदा कसा होतो ते सांगू नये. त्याचा करारनामा वाचून द्यावा. ते त्याला येतं की. तेवढंच करत फिर म्हणावं, खुर्ची टाकून, भाषण नको.


कोर्टनाका_नोटीस | २० ऑक्टोबर २०२४

काका, करारनामे वाचून द्या म्हणजे परत तेच, फुकट सेवा देऊन मतं. मी आत्ताच वर लिहिलं.


जुना_ठाणेकर | २० ऑक्टोबर २०२४

बरं बाबा. मग नुसती खुर्ची टाकून बस म्हणावं.


नौपाडावाली | ८ डिसेंबर २०२४

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं काय झालं, तर घ्या.

उभे राहिले. पॅनलचा राजीनामा दिला, स्वीकारल्याचं पत्र आणायला तीन दिवस खेपा घातल्या, शेवटी २८ ला संध्याकाळी मिळालं. दहा सूचकांतले दोन बाद निघाले यादी तपासल्यावर (कोर्टनाका दादा तुम्ही नसतात तर कठीण होतं). शपथ घेतली. माझं सोनं साइटवर गेलं. जावेचा फोन पाडव्याला आला, शुभेच्छा द्यायला, सोन्याबद्दल एक शब्द नाही, पण आवाजात होतं.

३ तारखेला, भाऊबीजेच्या रात्री, खरंच आले दोघं. जुना ठाणेकर काका, तुम्ही म्हणालात तसंच, चकलीचं कौतुक करत. हे आत होते, बाहेर येऊन म्हणाले चहा घ्या, विषय नको. तेवढ्यापुरता मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

चिन्ह मागितलं होतं पेनाची निब, मिळालं प्रेशर कुकर. मुलीने दोन आठवडे छळलं, सकाळी शिट्टी झाली की "बाबा, तुमचा प्रचार सुरू झाला". पण गंमत म्हणजे बायकांना चिन्ह लगेच लक्षात राहायचं, मी माझ्या क्लासच्या मुलांच्या आयांना सांगितलं तर पत्रक न वाचता म्हणायच्या हो हो कुकर. मत दिलं का ते माहीत नाही.

पहिले चार दिवस हे प्रत्येक ठिकाणी भाषण करायचे, संविधानापासून सुरू. लोक मान हलवायचे आणि विचारायचे पाणी कधी येणार. पाचव्या दिवसापासून खुर्चीच टाकली, नाक्यावर, शांतपणे बसायचे. तिथे माणसं आली खरी. पण मतं मागायला बसलेल्या माणसाकडे लोक आपल्या भाडेकरूची तक्रार घेऊन आले आणि हे म्हणायचे, आत्ता सल्ला देता येणार नाही, २० नंतर या. असा उमेदवार मी तरी बघितला नाही.

डिपॉझिट गेलं. आकडा सांगत नाही, चार आकडी होता हो, पण त्यातला पहिला आकडा सगळ्यात लहान होता. खर्च साडेसहा लाख झाला.

निकालानंतर दोन दिवस काही बोलले नाहीत. मग बेलापूरचं वाचलं, मंदा म्हात्रे आणि संदीप नाईक, फरक ३७७ मतांचा. तर पेपर माझ्यापुढे धरून म्हणतात, बघ, मी तिकडे असतो तर निकाल फिरवला असता. मी म्हटलं कुणाच्या बाजूने? ते म्हणाले तो मुद्दा नाही.

आता आठवडाभर रात्री फॉर्म २० घेऊन बसतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, त्यात बूथवार मतं असतात, कुठल्या बूथवर कुणाला किती. चौतीस सोसायट्या कुठल्या बूथवर येतात त्याची यादी करून एकेक ताळा चाललाय, समोर पेन्सिल, केसची फाइल वाचतात तसं. आमच्या बूथवर एकोणतीस मतं पडली. आमच्या बिल्डिंगमध्येच बावन्न मतदार आहेत. हे त्यांना मी नाही सांगितलं, त्यांनीच काढलं, आणि मग दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या प्रत्येकाला नेहमीसारखंच "काय म्हणता" केलं. मला जमत नाहीये अजून. मी लिफ्टमध्ये मोबाइल बघते.

काम चालू झालंय. उलट एक नवीनच लागलं मागे. बरोबर उभे राहिलेले दोन अपक्ष घरी आले, त्यांना हिशोबाचं रजिस्टर भरता येत नाहीये, फी देतो म्हणाले. दिवाणखान्यात गुलाबी आणि पिवळी पानं पसरलीत सगळीकडे, क्लासची मुलं त्यावर पाय देतात.

सीए_वाशी दादा, एक विचारायचं होतं. हिशोबाची शेवटची तारीख २३ डिसेंबरच ना? आणि पत्रकांच्या एका बिलावर छापखान्याने तारीख टाकलेलीच नाहीये, तो म्हणतो आता नवीन बिल देणार नाही, निवडणूक संपली. त्याचं काय करायचं?


सीए_वाशी | ८ डिसेंबर २०२४

२३ बरोबर. पण शेवटच्या दिवशी नका जाऊ, गर्दी असते. छापखान्याला बँकेतनं पैसे दिलेत ना? मग स्टेटमेंटमधली एंट्री, बिल आणि पत्रकाची एक प्रत एकत्र लावा, आणि त्याच्याकडून साध्या लेटरहेडवर तारखेचं दोन ओळींचं पत्र घ्या. नाही म्हणाला तर मिस्टरांना नोटीस पाठवायला सांगा.


समोरची_पार्टी | ९ डिसेंबर २०२४

भाषा जरा सौम्य ठेवून.